आठवा स्क्रू

शनिवारी सकाळी साडेदहाला शाळेच्या मैदानावर ड्रोन पडला, आणि त्या घटकेपासून टकळी बोलायची थांबली.

आता टकळीने बोलायचं थांबणं म्हणजे काय, हे त्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. पोरगी बारा वर्षांची. तिचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं होतं. सकाळी दात घासताना तोंडात फेस असताना ती बोलायची, जिना उतरताना पायऱ्यांशी बोलायची, झोपेतसुद्धा कुणाला तरी समजावून सांगत असायची. टकळी हे नाव आत्याने ठेवलं होतं. तिथून ते गल्लीत गेलं, आणि गल्लीतून शाळेत.

आत्या म्हणजे टकळीच्या वडिलांची थोरली बहीण. वरच्या मजल्यावर भाऊ, वहिनी आणि टकळी. तळमजल्यावर आत्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. तीस वर्षं त्याच स्टुलावर बसून तिने आसपासच्या चार गल्ल्यांतली मशीनं चालती ठेवली होती. शाळेच्या शिवणवर्गातली बारा मशीनंही तिच्याच देखरेखीखाली होती. वयाने मोठी माणसंही तिला आत्याबाई म्हणायची. तिचा हात चांगला होता आणि जीभ त्याहून चांगली चालायची.

रविवारी दुपारी भाऊ-वहिनी बाहेर गेल्यावर टकळी एक कापडी पिशवी घेऊन खाली आली. पिशवी टेबलावर ठेवली आणि शेजारी एक पत्र ठेवलं. तोंडातून शब्द नाही.

पत्र मुख्याध्यापिकाबाईंचं होतं. शाळेचा ड्रोन पहिलीच्या मुलांच्या रांगेपासून दोन हातांवर पडला आहे. सुदैवाने कुणाला लागलं नाही. ड्रोन का पडला, याचं कारण सोमवारी सकाळी दहापर्यंत लेखी कळवावं. चूक उडवणाऱ्या विद्यार्थिनीची असेल, तर तिला उड्डाण-गटातून वर्षभरासाठी कमी करण्यात येईल.

आत्याने पत्र दोनदा वाचलं. या उड्डाण-गटासाठी टकळीने दीड वर्ष काय केलं होतं, ते तिला माहीत होतं. दीड वर्ष ही पोरगी मोठ्या मुलांच्या मागे बॅटऱ्या धरून उभी राहिली होती. गेल्या महिन्यात कुठे रिमोट तिच्या हातात आला होता. येत्या गुरुवारी क्रीडास्पर्धा होत्या आणि वरून त्यांचं चित्रण टकळीने करायचं होतं. शनिवारी त्याचीच तर तालीम होती.

"तू काही चुकीचं केलंस?" आत्याने विचारलं.

टकळीने मान हलवली. नाही.

"तोंडाने सांग की गं."

"नाही."

"बस्स. मग दुसऱ्या कुणीतरी केलंय," आत्या म्हणाली आणि टेबलावर पांढरं कापड अंथरलं.

पांढरं कापड ही तिच्या वडिलांची शिकवण. बिघडलेली वस्तू उघडायची, तर खाली पांढरं कापड हवं. त्यावर एकेक भाग निघेल त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचा. कापडावर काही लपत नाही. धागा असो, गंज असो की सुईचं तुटलेलं टोक असो, ते आपण होऊन दिसतं.

ड्रोन तसा लहानसा, दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढा. मधे पोट, पोटात बॅटरी, पोटाखाली कॅमेरा. चार बाजूंना चार हात. प्रत्येक हाताच्या टोकाला एक मोटर, प्रत्येक मोटरवर दोन पाती, आणि प्रत्येक पातं एकेका बारीक स्क्रूने बसवलेलं. म्हणजे आठ पाती आणि आठ स्क्रू. चौघांनी चादर चार कोपऱ्यांना ताणून धरली, तर तिच्यावर भरलेलं ताट ठेवता येतं. एकाने कोपरा सोडला, की ताट त्याच बाजूने जाणार. ड्रोन हवेत राहतो तो असाच, चार मोटरींनी सारखा जोर लावला म्हणून.

"आता मला सांग, कुठला तुकडा कुठे सापडला?"

टकळीने बोट ठेवत सांगितलं. पोट आणि हात एका जागी, पाण्याच्या नळाजवळ. मोडक्या पात्यांचे तुकडे त्याच्याच आजूबाजूला. आणि एक पातं लांब, कुंपणाच्या झुडपात.

"किती लांब?"

"वीस-पंचवीस पावलं."

आत्याने ते पातं उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. त्याला ओरखडासुद्धा नव्हता. स्क्रूचं भोक गोल आणि शाबूत. मग तिने ड्रोनचा तो हात पाहिला, जिथून हे पातं गेलं होतं. स्क्रूची जागा रिकामी, पण आतले आटे स्वच्छ. ओढून निघाला असता, तर आटे फाटले असते.

"हे बघ. पडून मोडलेली वस्तू वेगळी दिसते आणि मोडून पडलेली वेगळी. बाकीची सात पाती जमिनीवर आपटून तुटलीत. हे मात्र हवेतच निघालं, म्हणून लांब सापडलं आणि म्हणून धड आहे. ड्रोन पडला आणि पातं गेलं, असं झालेलं नाही. पातं गेलं म्हणून ड्रोन पडला. कळतंय ना?"

"हो," टकळी म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. एवढं सिद्ध झालं, तर पोरीने उड्या मारायला हव्या होत्या.

मग दोघींनी कॅमेऱ्यातलं चित्रण लावलं. मैदान, पांढऱ्या रेषा, पहिलीची रांग मुंगीएवढी. सगळं स्थिर. मग चित्र थरथरायला लागलं, टेबलाचा पाय हलावा तसं. दोन-तीन सेकंद थरथर, मग एक झटका, आणि मैदान गरगर फिरत वर आलं.

"थरथर आधी, गिरकी नंतर," आत्या म्हणाली. "पातं सैल होत होतं. स्क्रू आपसूक सैल होत नसतो. कुणीतरी नीट बसवला नव्हता, नाहीतर मुद्दाम ढिला केला होता."

मुद्दाम हा शब्द तिच्या तोंडून निघाला मात्र, आणि मग तो खोलीतून जाईना.

पहिला संशय कवायतीच्या सरांवर. त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं, की पोरीने ड्रोन जोरात वळवला. जो इतरांकडे बोट दाखवायची एवढी घाई करतो, त्याचा हात तपासावा, असं आत्याचं मत. तिने फोन लावला.

"सर, ड्रोन कुणाच्या कपाटात असतो?"

"माझ्या. का?"

"किल्ली?"

"माझ्याकडेच. आत्याबाई, तुम्ही माझी उलटतपासणी घेताय का?"

"छे हो, आपली चौकशी. शनिवारच्या आधी तुम्ही तो उघडला होता?"

"मला त्यातलं काही कळत असतं, तर मी शिट्टी फुंकत उन्हात उभा राहिलो असतो का? बुधवारी तो मोबाइलवाल्याकडून दुरुस्त होऊन आला. जुनी पाती झिजली होती, त्याने आठही बदलली. शुक्रवारी दुपारी तुमच्या भाचीने बॅटऱ्या भरायला घरी नेला. मधले दोन दिवस कपाट बंद. झालं समाधान?"

"थरथर दिसली होती का तुम्हाला, पडायच्या आधी?"

"खरं सांगू? मी तेव्हा पहिलीच्या पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधत होतो."

"आणि पोरीने जोरात वळवला, हे कुठल्या डोळ्यांनी बघितलंत?" असं विचारून आत्याने उत्तर न ऐकताच फोन ठेवला. सर सुटले. उलट त्यांनीच तिला पुढचं नाव दिलं होतं, आणि ते ऐकून तिचा चेहरा उजळला होता.

मोबाइलवाला! समोरच्या गल्लीच्या टोकाला त्याचं कपाटाएवढं दुकान. तिशीतला माणूस, कानात सदा कसली तरी वायर. आत्या त्याला बदल्या म्हणायची, पाठीमागे आणि कधीकधी तोंडावरही. कारण तो काही दुरुस्त करत नाही, नुसतं बदलतो. पडदा बदलतो, बॅटरी बदलतो, पाती बदलतो. तिच्या लेखी ही कारागिरीच नव्हे. शाळेचे संगणक त्याच्याकडे गेल्यापासून तर तिच्या डोळ्यांत तो खुपतच होता.

"आठ नवी पाती बसवली आणि आठवा स्क्रू आवळायचा राहिला," आत्या म्हणाली. "कानात गाणी असल्यावर दुसरं काय होणार! थांब, आधी बघू, स्क्रूबद्दल कागदावर काय लिहिलंय. खोक्यात माहितीपत्रक असतं ना? काढ."

टकळी हलली नाही.

आत्याने स्वतःच पिशवीतून खोकं काढलं. आत वायर होती, सुट्या पात्यांचं रिकामं पाकीट होतं, हमीचं कार्ड होतं. माहितीपत्रक नव्हतं.

"कुठे गेलं गं?"

"माहीत नाही."

हे दोन शब्द बोलताना टकळीची नजर फरशीवर होती. आत्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ही पोरगी तिने रांगायची असल्यापासून पाहिली होती. खोटं बोलताना ती उजव्या पायाचा अंगठा दुमडते, आणि आत्ता तो दुमडलेला होता. काहीतरी लपवतेय. पण काय? चूक हिचीच असेल? स्क्रू हिने तर नाही काढला, काय आहे ते बघायला? मुलं उघडून बघतातच. आणि म्हणून कालपासून तोंडाला कुलूप?

तिने तो विचार झटकला. झटकला म्हणजे बाजूला ठेवला. संशय असा झटकून कुठे जातो!

मग तिने एक कोरा कागद घेतला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, की बुधवारी पाती बदलताना एक स्क्रू नीट आवळला गेला नाही, त्यामुळे ड्रोन पडला, त्याची जबाबदारी माझी आहे. खाली सहीपुरती जागा सोडली. कागद पर्समध्ये, उरलेले सात स्क्रू डबीत, आणि आत्या निघाली.

"तू घरीच थांब," तिने टकळीला बजावलं. "आणि ते पत्रक शोध."

बदल्या दुकानात होता. त्याने वायर कानातून काढली.

"या आत्याबाई. आज कशी वाट चुकलात?"

"वाट बरोबर आहे. तुझंच काहीतरी चुकलंय. बुधवारी शाळेच्या ड्रोनची पाती तू बदललीस?"

"हो. पडला म्हणे काल. वाईट झालं."

"वाईट झालं म्हणे! पोरीचं वर्ष जायची वेळ आलीय. एक पातं हवेत निघालं. स्क्रू तू आवळला नव्हतास."

"मी?" बदल्या हसला, पण हसू अर्धंच राहिलं. "आवळला होता."

"सगळे असंच म्हणतात."

"आत्याबाई, नव्या पाकिटातले आठ स्क्रू मी माझ्या हाताने बसवले. प्रत्येकाला शेवटी पाव फेरी. त्याहून जास्त दिली, तर आटे जातात."

"नवेच स्क्रू लावलेस कशावरून? जुनेच परत ठोकले असशील. एवढीशी गोष्ट, कोण बघतंय!"

आता बदल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने खालचा खण ओढला आणि एक पाकीट टेबलावर आपटलं. पाकिटावर शाळेचं नाव आणि बुधवारची तारीख. आत आठ झिजकी पाती आणि आठ जुने स्क्रू.

"मोजा. शाळेचा नियम आहे, काढलेला माल परत दाखवायचा. जुने आठ इथे आहेत. मग मी लावले ते कुठले? माझ्या शर्टाची बटणं?"

आत्याने मोजले. आठ भरले. पण हार मानणाऱ्यांतली ती नव्हती. पर्समधला कागद तिने अजून बाहेर काढला नव्हता. तिचा हात मात्र त्याच्यावरच होता.

"बरं, नवे लावलेस. पण सैल लावलेस."

"दाखवा बघू उरलेले."

तिने डबी उघडली. बदल्याने चिमट्याने एक स्क्रू उचलला, भिंगाखाली धरला, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. दुसरा उचलला. तिसरा.

"हे मी लावलेले नाहीत," तो म्हणाला.

"बघ! फिरवलास ना शब्द?"

"अहो, ऐका तर." त्याने एक नवं पाकीट फोडलं आणि त्यातला स्क्रू तिच्या तळहातावर ठेवला. "तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. आट्यांवर काय दिसतंय?"

स्क्रूच्या टोकाकडे एक सुकलेला निळा थर होता, भिंतीचा रंग उडून चिकटावा तसा.

"हे काय? रंग?"

"गोंद म्हणा. कारखान्यातूनच लावून येतो. स्क्रू आत गेला, की तो आट्यांमध्ये घट्ट धरून बसतो. मोटर मिनिटाला हजारो वेळा फिरते, सगळं थरथरतं. हा निळा थर नसेल, तर कितीही आवळा, स्क्रू आपला हळूहळू बाहेर येणार. म्हणूनच एकदा काढलेला स्क्रू परत वापरायचा नसतो. तुमच्या या सातांवर निळ्याचा कणसुद्धा नाही. कसे लखलखताहेत बघा. कुणीतरी काढून घासलेत." त्याने स्क्रू नाकाजवळ नेला. "आणि तेल लावलंय. कोण शहाणा ड्रोनच्या स्क्रूला तेल लावतो?"

आत्या उत्तर देणार होती. जीभ सुटलीही होती, आणि तिथेच थांबली.

शुक्रवारची संध्याकाळ. टकळीने ड्रोन दुकानात आणून ठेवला होता आणि ती वर अभ्यासाला गेली होती. पात्यांवर कपाटातली धूळ बसली होती. आत्याचा हात शिवशिवला. पुसायला घेतला. मग एक स्क्रू काढून पाहिला, तर त्याच्या आट्यांत कसलं तरी निळं किटण बसलेलं. बदल्याचं काम हे असंच, असं मनाशी म्हणत तिने सुईच्या टोकाने ते खरवडलं होतं. एकाचं नाही, आठही स्क्रूंचं, एकेक करून, तासभर बसून. वडील म्हणायचे, स्क्रू आरशासारखा दिसला पाहिजे आणि त्याला तेलाचा एक थेंब मिळाला पाहिजे. शिलाई मशीनला हे लागू पडतं. तीस वर्षांत तिच्या हातून एकही मशीन यावाचून गेलं नव्हतं. शेवटी तेलाचा थेंब देऊन, स्क्रू परत बसवून तिने ड्रोन खोक्यात ठेवला होता, आणि लेकरासाठी काहीतरी केल्याच्या समाधानात झोपली होती.

आज दुपारपासून तिने सगळ्यांवर संशय घेतला होता. ही तासाभराची मेहनत तिला एकदाही आठवली नव्हती. स्वच्छ करणं ही गोष्ट चुकांच्या यादीत तिने कधी धरलेलीच नव्हती.

"कुणी उघडलं होतं का मधे?" बदल्या विचारत होता. आता तो तिच्याकडे टक लावून पाहत होता. "पोरीने?"

"पोरीने नाही," आत्या एकदम म्हणाली.

"मग?"

"बघते मी. घरी जाऊन बघते." तिने डबी बंद केली. झाकण नीट लागेना.

"आत्याबाई, ऐका," बदल्या म्हणाला. आवाजात आता चेष्टा नव्हती. "शाळेचं काम माझं अर्धं दुकान चालवतं. तिकडे माझ्या नावावर काही घालू नका."

ती पायरी उतरली. पर्समध्ये तो कागद होता. सही नसली म्हणून काय झालं? मुख्याध्यापिकाबाईंना तिने नुसतं तोंडी सांगितलं असतं, तरी त्यांनी बदल्यापेक्षा तिच्यावरच विश्वास ठेवला असता. तीस वर्षांची ओळख होती. टकळी सुटली असती. शिवणवर्गातली बारा मशीनं तिच्याकडेच राहिली असती. गल्लीच्या वळणावर ती एवढी रेंगाळली, की समोरच्या दुकानदाराने विचारलं, काही हरवलंय का.

घरी आली, तर टकळी दुकानात स्टुलावर बसलेली. समोर पांढऱ्या कापडावर माहितीपत्रक उलगडून ठेवलेलं, आणि शेजारी वहीचं एक पान.

"सापडलं?" आत्याने विचारलं.

"हरवलंच नव्हतं. माझ्या चित्रकलेच्या वहीत होतं." "काल संध्याकाळी मी ते वाचलं. त्यात निळ्या गोंदाचं लिहिलंय, आणि एकदा काढलेला स्क्रू परत लावू नका असंही. आणि शुक्रवारी मी पाणी प्यायला खाली आले होते, तेव्हा तू सुईने ते निळं काढत होतीस. मला वाटलं, तुला माहीत असेल. तुला सगळं माहीत असतं ना! मग काल वाचल्यावर मला कळलं, की तुला माहीत नव्हतं. मग आज तू सरांना फोन केलास, मग मोबाइलवाल्या काकांकडे गेलीस, आणि मला सांगताच येईना. तू एवढी खूश होऊन सगळ्यांना पकडत होतीस."

दीड दिवस साठलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. आत्याला पहिल्यांदाच त्या बोलण्याचं ओझं वाटलं. पोरीला ती इकडे संशयाने न्याहाळत होती, आणि पोरगी तिला झाकत होती.

तिने वहीचं पान उचललं. टकळीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'मी ड्रोन जोरात वळवला, म्हणून तो पडला. चूक माझी आहे.'

"हे काय आहे?"

"उद्या द्यायला. तू शाळेची मशीनं बघतेस ना. त्यांनी काढून घेतली तर? मी पुढच्या वर्षी परत गटात जाईन. बॅटऱ्या धरायची मला सवय आहे."

"मी तुला काही चुकीचं केलंस का विचारलं, तेव्हा तू नाही म्हणालीस."

"मी नव्हतंच केलं."

"मग हे खोटं कशाला लिहितेस?"

"तूसुद्धा काहीतरी लिहून नेलं होतंस ना काकांकडे," टकळी म्हणाली. "मी बघितलं."

तिने टकळीचं पान फाडलं. मग पर्समधला कागद काढला, आधीचा मजकूर आडव्या रेघांनी खोडला, आणि पाठीमागे लिहायला बसली. काय काढलं, कशाने खरवडलं, कुठलं तेल लावलं, चित्रणात थरथर किती सेकंद दिसते, पातं किती पावलांवर सापडलं. टकळी खांद्यावरून वाचत होती आणि चुका काढत होती.

"वीस-पंचवीस नाही, बावीस लिही. मी मोजली होती."

"मग मघाशी का नाही सांगितलंस?"

"मघाशी मी बोलत नव्हते."

सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंनी कागदाची एक बाजू वाचली, उलटून खोडलेली बाजू पाहिली, आणि परत पहिली वाचली.

"म्हणजे चूक तुमची."

"हो."

"मुलीची नाही, दुकानदाराची नाही."

"नाही. मुलीने उडवण्याआधी प्रत्येक पातं हलवून बघितलं होतं. तेव्हा ते घट्टच होतं. वर गेल्यावर सैल झालं."

बाईंनी चष्मा काढला. "आणि आमच्या शिवणवर्गातली बारा मशीनं? त्यांच्यातही तुम्ही असंच काही खरवडलं असेल."

"त्यांना तेलच लागतं, बाई. त्यांना ते मानवतं."

"असं तुम्ही म्हणता." बाई शांतपणे म्हणाल्या. "मशीनं मी बाहेरच्या एका माणसाला दाखवून घेईन. त्याने ठीक म्हटलं, तर पुढचं बोलू. राग मानू नका."

आत्याने राग मानला. तीस वर्षांत तिच्या कामावर दुसऱ्याची नजर फिरली नव्हती. तरी ती एवढंच म्हणाली, "दाखवा. आणि पोरीचं?"

"उद्या दुपारी ड्रोन माझ्यासमोर उडवायचा. नीट उतरवला, तर ती गटात राहील आणि गुरुवारी तीच चित्रण करेल."

मंगळवारी दुपारी मैदान रिकामं होतं. बदल्याने सकाळीच नवी पाती आणि नवे स्क्रू बसवून दिले होते. तो स्वतःही आला होता आणि आत्यापासून चार हात लांब उभा होता. सर होते, बाई होत्या. टकळीने सपाट जागी ड्रोन ठेवला, हात उलगडले, आणि गुडघ्यांवर बसून एकेक पातं दोन बोटांत धरून हलवायला लागली. प्रत्येक स्क्रूकडे बघायची आणि ओठांत मोजायची. सहाव्यापाशी ती अडखळली, तशी आत्या लगबगीने पुढे झाली.

"काय झालं? बघू, मी बघते."

"आत्या, हात नको लावूस."

"अगं, नुसती बघते."

"नको. तू मागे उभी राहा." टकळीने वर पाहिलं नाही. "त्या रेषेच्या मागे."

सरांनी आकाशाकडे पाहिलं. बदल्याने खोकला आल्यासारखं केलं. आत्या मागे गेली, पांढऱ्या रेषेवर जाऊन थांबली.

"अजून मागे," टकळी म्हणाली.

ती अजून मागे गेली. ड्रोन वर चढला. टकळीने तो डोक्याइतक्या उंचीवर धरून ठेवला, थांबली, ऐकलं, मग झाडांच्या वर नेला. तिने एक सावकाश वळण घेतलं, मग बाईंनी सांगितलं म्हणून एक जोरातलं. आत्या कान देऊन होती. मशीन कुठे खटकतं, ते ती आवाजावरून ओळखायची. या आवाजात कुठे खोट आहे का, ते मात्र तिला कळत नव्हतं. तिने बदल्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो जांभई देत होता. तिला जरा बरं वाटलं.

ड्रोन खाली आला, गवतावर टेकला, पाती थांबली. बाईंनी सरांना म्हटलं, "हिचं नाव राहू दे," आणि त्या निघाल्या. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती भराभर रेषा ओलांडून पुढे निघाली.

"थांब!" टकळी ओरडली. ती परत गुडघ्यांवर बसली होती आणि पहिलं पातं दोन बोटांत धरत होती. "उतरल्यावरही तपासायचं असतं. आधी माझं होऊ दे."

आत्या मैदानाच्या मधोमध थांबली आणि आठ होईपर्यंत उभी राहिली.